धाकट्याचं मत आधी

सेंट थॉमस मौंट, मद्रास
रविवार, ५ एप्रिल १९६४

ती. मावशीस,

रत्नाकरचा एक सॅल्यूट आणि एक साष्टांग नमस्कार. सॅल्यूट अजून धड जमत नाही, तेव्हा नमस्कारच खरा धर.

तू पेरंबूरला, मी मौंटवर, आणि एकाच गावात टपालानं बोलायची पाळी! टेकडीवरून बीच स्टेशनाकडे जाणारी इलेक्ट्रिक गाडी दिसते. तीत बसलो तर दुपारच्या जेवणाला तुझ्या पाटावर असेन. पण कवायतीची परीक्षा पास होईपर्यंत फाटकाबाहेर पाऊल टाकायचं नाही. मला वाटलं होतं, लष्कराला वकील हवेत म्हणून बोलावलंय, तर गेल्या गेल्या कायद्याची पुस्तकं हातात देतील. त्यांनी आधी न्हाव्याच्या स्वाधीन केलं. आता मला बघशील तर मुंज पुन्हा केली का म्हणून विचारशील.

आधी कवायत, मग कायदा, असा इथला क्रम. आमचे उस्ताद म्हणजे कवायत शिकवणारे हवालदार. परवा त्यांनी हुकूम दिला, तो मला संदिग्ध वाटला. मी रांगेतून म्हटलं, उस्ताद, याचे दोन अर्थ निघतात. ते फार शांतपणे म्हणाले, दोन्ही करून दाखव. मग रायफल डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या मारल्या. कोल्हापूरच्या कोर्टात वर्षभर उमेदवारी केली, पण इतका झटपट निकाल कधी पाहिला नाही.

तुला हसू येत असेल. लहानपणापासून तू म्हणतेस, या पोराच्या तोंडात तीळ भिजत नाही. पण वकिलाला सांगितलेली गोष्ट वकिलाच्या पोटातच राहते, हे मी आता शिकलोय. हवं तर परीक्षा घे.

तुमच्या माळ्यावर ठेवलेली माझी काळी ट्रंक तशीच असू दे. आईची गोधडी तीत आहे. काकांना नमस्कार, तुमच्या शैलाला एक टपली.

तुझा,
रत्नाकर

* * *

पेरंबूर
११ एप्रिल १९६४

चि. रत्नाकरास, माडीवरून भरभरून आशीर्वाद.

पत्र वाचून शैला इतकी हसली की खालच्या विशालाक्षीअक्का काय झालं म्हणून जिना चढून आल्या. त्यांनाही वाचून दाखवलं. घरमालकीण असूनही घरच्याच. त्यांचे पूर्वज तंजावरला जाऊन तीनशे वर्षं झाली, पण मराठी पत्र म्हटलं की डोळे अजून लकाकतात.

इकडे सगळं ठीक. ऑक्टोबर अखेर काका निवृत्त होतील आणि आम्ही कऱ्हाडला जाऊ. थोरल्या भावजींनी, म्हणजे गजेंद्र दादासाहेबांनी, शेजारच्या दोन खोल्या आमच्यासाठी रंगवूनही घेतल्या. कृष्णेचं पाणी, ज्वारीची भाकरी, आपली माणसं. आनंदच आहे. तुझी ट्रंक कऱ्हाडला नेऊ की तू घेऊन जातोस, ते कळव.

आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? तू वकील झालास म्हणतोस ना, मग मी तुला माझं वकीलपत्र देते. फी म्हणून नारळाच्या वड्यांचा डबा येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवीन. ऐक. मला कऱ्हाडला जायचं नाही.

लग्न होऊन इथे आले तेव्हा रोज रडत होते. उकाडा सोसेना, भाषा कळेना, भाताशिवाय ताटात काही दिसेना. तेव्हा काकांनी मला शब्द दिला, नोकरी संपली की त्याच महिन्यात तुला कऱ्हाडला नेईन. तो शब्द त्यांनी वीस वर्षं जपला. मधल्या काळात माझं रडणं कधी थांबलं, ते माझं मलाही कळलं नाही. आता मी भाजीवालीशी तमिळमध्ये भांडते आणि जिंकते. दारात रोज रांगोळी काढते, ती इथल्यासारखी. अक्कांच्या ओसरीवर दुपारी दोन तास बसले नाही तर मला जेवण पचत नाही. शैला स्वप्नंसुद्धा तमिळमध्ये बघते. पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? बिचारे सारा जन्म तिकडे डोळे लावून बसले. मी नाही म्हटलं तर ते लगेच थांबतील आणि मनातल्या मनात झुरतील.

यातलं अक्षर काकांना कळलं तर तुला या घरात आमटीचं पाणीसुद्धा मिळणार नाही. उत्तर विशालाक्षीअक्कांच्या नावानं घाल.

तुझी,
मावशी

* * *

रेल्वे अकाउंट्स ऑफिस, मद्रास
८ जून १९६४

चि. रत्नाकर,

आशीर्वाद आहेतच. कवायतीची परीक्षा पास झालास आणि परवा जेवायला आलास, आनंद वाटला. तुझ्या ताटात मावशीनं वाढलेलं पाहता तुझ्या पलटणीची उपासमार होते असा तिचा ग्रह दिसतो.

जेवताना बोलता आलं नाही, म्हणून ऑफिसातून लिहितो. उत्तरही ऑफिसच्या पत्त्यावरच पाठव. मजकूर खाजगी आहे. तू होणारा लष्करी वकील, तेव्हा तुला वकील मानून सांगतो. फी म्हणून मौंट रोडवर तुला जेवायला नेईन.

तुझ्या मावशीला मी लग्नानंतर एक शब्द दिला होता, तो तुला ठाऊक असेल. मी तो पाळणार. पण खरं सांगायचं तर माझा पाय इथून निघत नाही. तिकडे मला ओळखणारा दादाखेरीज कोण उरलाय? इथे सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात फिल्टरची कापी घेतली की माझा दिवस सुरू होतो. संध्याकाळी रंगाचारीबरोबर बुद्धिबळ. मार्गशीर्षात गाण्याच्या बैठका, त्या मी गेली पंधरा वर्षं चुकवल्या नाहीत. कऱ्हाडला मी करणार काय? दादाची शिस्त ऐकत बसणार.

पण मावशीनं या गावात वीस वर्षं माझ्यासाठी काढली. तिचं सुख आता लांबवणं म्हणजे बेइमानी होईल. म्हणून मी हसतमुखानं बांधाबांध करतो आहे. हे कुठेतरी बोलायला हवं होतं, ते तुझ्याजवळ बोललो. मावशीला याचा वासही लागता कामा नये.

व्यासराजकाका

* * *

सेंट थॉमस मौंट
रविवार, १२ जुलै १९६४

ती. मावशीस,

वड्या पोचल्या आणि संपल्या. आम्हा कायदेवाल्या चौघांना आता रोज सकाळी ट्रकमध्ये घालून समुद्राकाठच्या किल्ल्यात नेतात. तिथल्या कचेरीत मेजर नारायणस्वामी आम्हाला लष्करी कायदा शिकवतात. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी हवा काढून घेतली. म्हणाले, तुम्ही फिर्यादीचे नाही, आरोपीचेही नाही. लष्करी कोर्टात तुम्ही कायदा सांगायचा, दोन्ही बाजूंचा पुरावा निःपक्षपातीपणे मांडायचा आणि गप्प बसायचं. तुम्हाला मत नाही. मावशी, मी आणि मत नाही! दिवसभर मला घास गेला नाही.

पण तुझ्या प्रकरणात मला त्याची सवय होते आहे. गेल्या रविवारी तू मला भात वाढताना डोळ्यांनी खुणावत होतीस, तेव्हा मी मूग गिळून कढीकडे बघत होतो, हे ध्यानात आलं असेलच.

तुझा वकील म्हणून सल्ला एकच. घरच्या माणसाशी मन मोकळं करून बघ, झालं तर बरंच होईल.

तुझा,
रत्नाकर

* * *

सेंट थॉमस मौंट
रविवार, १२ जुलै १९६४

ती. काकांस,

मौंट रोडवरच्या जेवणाबद्दल आभार. त्याआधीच्या रविवारी तुम्ही कढीच्या वाटीआडून मला डोळे मिचकावत होतात, ते मावशीच्या नजरेस पडता पडता राहिलं. माझी अवस्था फार वाईट होती. त्याचं संपूर्ण कारण सांगायला मला बंदी आहे.

तुमचा वकील म्हणून सल्ला एकच. घरच्या माणसाशी मन मोकळं करून बघा, झालं तर बरंच होईल.

आपला,
रत्नाकर

* * *

पेरंबूर
३ ऑगस्ट १९६४

चि. रत्नाकरास आशीर्वाद, पण आज जरा रागाचे.

हाच सल्ला द्यायचा होता तर वड्या कशाला खाल्ल्यास? मन मोकळं कर म्हणे. दोनदा तोंड उघडलं. एकदा ते भिंतीवरची तसबीर उतरवत होते आणि म्हणाले, ही कऱ्हाडच्या घरात किती शोभेल नाही? मी फडकं आणून तिची काच पुसून दिली. दुसऱ्यांदा त्यांनीच काहीतरी बोलायला सुरुवात केली आणि पाणी मागितलं.

आता वेळ उरली नाही. या महिन्यात दादासाहेब येताहेत. रविवारी तेवीस तारखेला सगळ्यांना बसवून जाण्याचा दिवस आणि सामानाची वाटणी ठरवायची, असं त्यांचं फर्मान आहे. माडीचं काय करायचं ते त्याच दिवशी सांगा, दुसरे भाडेकरू खोळंबलेत, असं अक्कांच्या जावयानं बजावलंय. म्हणजे तेवीस तारखेला जे ठरेल ते कायमचं.

आमच्या घरच्या बैठकी तुला माहीत आहेत. दादासाहेब चाळीस वर्षं हेडमास्तर होते. आधी ते बोलतात, मग काका 'दादा म्हणतो ते बरोबर' म्हणतात, मग मी मान डोलावते, आणि शैलाला विचारायचं कुणाच्या ध्यानातही येत नाही. माझं लग्न असंच ठरलं, शैलाची शाळा अशीच ठरली. माणूस वाईट नाही रे. वहिनी गेल्यापासून एकटे आहेत, आम्ही येणार म्हणून खुलले आहेत. म्हणून तर जास्त जड जातं.

तुझं मात्र त्यांना भारी कौतुक. चिनी युद्धापासून लष्कर म्हटलं की ते बसल्या जागी ताठ होतात. रत्नाकरला तिथे काय शिकवतात ते मला सविस्तर लिही म्हणावं, असा निरोप आहे. येणार आहेस ना त्या रविवारी? निदान माझ्या समोर तरी बस.

मावशी

* * *

सेंट थॉमस मौंट
रविवार, १६ ऑगस्ट १९६४

तीर्थरूप दादासाहेबांच्या चरणी रत्नाकरचा नमस्कार.

आपण मद्रासला पोचलात, पण येत्या रविवारी माझी पहाऱ्यावर नेमणूक लागली आहे. तिथे वकिली चालत नाही. म्हणून आपण विचारलंत ते पत्रानं कळवतो.

मागच्या आठवड्यात मेजरसाहेबांनी आमच्यासाठी लुटुपुटूचं कोर्ट मार्शल भरवलं. आरोप असा, की शिपायानं हवालदाराची सायकल न विचारता सिनेमाला नेली. अध्यक्ष म्हणून खरेखुरे कर्नलसाहेब बसले होते, मोठ्या मिशांचे. त्या दिवशी मला कायदा सांगायला नाही, सभासद म्हणून बसवलं होतं, आणि पाच जणांच्या त्या कोर्टात सगळ्यात कनिष्ठ मी. पुरावा संपला, दारं बंद झाली, आणि मी सवयीनं कर्नलसाहेबांच्या तोंडाकडे पाहिलं. म्हटलं, यांचा कल कळला की आपलंही तेच. तोच मेजरसाहेब म्हणाले, 'तिकडे काय बघतोस? पहिलं मत तुझं.'

दादासाहेब, लष्करात हा नियमच आहे. मत घ्यायचं ते सगळ्यात धाकट्यापासून, एकेकाचं, तोंडानं, स्पष्ट. अध्यक्षांचं सगळ्यात शेवटी. मी कारण विचारलं. मेजरसाहेब म्हणाले, वडीलधाऱ्याच्या शब्दाला इतकं वजन असतं, की तो आधी पडला तर बाकीची मतं त्याखाली दबून जातात. आणि मग निकाल एकट्याचा होतो, जबाबदारी मात्र पाच जणांची. 'साहेब म्हणतील ते' हे तर तिथे मतच धरत नाहीत. मग माझं मत मी भिंतीकडे बघून दिलं. आयुष्यात पहिल्यांदा मला काय वाटतं ते मला स्वतःलाच शोधावं लागलं.

बाकीच्यांनी कोणती मतं दिली हे विचारू नका. ते बाहेर सांगायचं नाही, अशी शपथ आहे.

जिथे माणसाच्या जन्माचा प्रश्न असतो तिथे लष्कर ही पद्धत पाळतं. आपण शिस्तीचे भोक्ते, म्हणून आपल्याला ती आवडेल असं वाटलं. तिचा उपयोग कुठे करायचा, हे आपल्यासारख्या अध्यक्षांनी ठरवायचं.

आपला आज्ञाधारक,
रत्नाकर

* * *

पेरंबूर
२४ ऑगस्ट १९६४

माझ्या गुलाम वकिला,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी काल काय झालं ते ऐक.

जेवणं झाली. दादासाहेबांनी सतरंजी टाकायला लावली, तुझं पत्र खड्या आवाजात वाचलं आणि जाहीर केलं की आजची बैठक लष्करी पद्धतीनं होईल, अध्यक्ष ते स्वतः. दारसुद्धा लावून घेतलं. मी मान डोलवायच्या तयारीनं बसले होते, आणि इथे काकांच्या आधी माझीच पाळी येणार!

पहिली शैला. ती इतकी दचकली की तमिळमध्येच सुरू झाली. दादासाहेब म्हणाले, मराठीत. मग सावकाश म्हणाली, मला इथेच राहायचंय, कॉलेज इथे आहे, मैत्रिणी इथे आहेत, आणि मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. एवढं बोलून रडायला लागली.

मग मी. मी काकांकडे बघितलं. दादासाहेबांनी दटावलं, तिकडे नाही, भिंतीकडे. भिंतीवर तसबीर काढल्याचा पांढरा चौकोन होता. रत्ना, तो चौकोन बघून माझा बांध फुटला. मी म्हटलं, 'मला या घरातून जायचं नाही. मी आले तेव्हा रडले होते हे खरं, पण आता जाताना रडेन ते त्याच्या दसपट.'

काकांचं तोंड बघायचा मला धीर होईना. मग दादासाहेब म्हणाले, व्यासा, तुझं मत. काका उठून उभेच राहिले, जणू कोर्टातच आहेत. म्हणाले, 'दादा, मला कधीच जायचं नव्हतं. मी हिच्यासाठी निघालो होतो.' आणि हसायलाच लागले. मीही. अरे, वीस वर्षं एका माणसाच्या ताटात वाढते आहे, आणि त्याच्या पोटात काय आहे ते मला ठाऊक नाही! काय म्हणावं या कर्माला?

शेवटी दादासाहेब. आम्ही तिघं हसत होतो, आणि ते मात्र चष्मा काढून पुसत बसले. तेव्हा मला त्या रंगवलेल्या खोल्या आठवल्या आणि माझं हसू आटलं. चष्मा डोळ्यांवर चढवून ते म्हणाले, 'माझं मत, तुम्ही यावं. पण तीन विरुद्ध एक. माझ्या शब्दाला वजन आहे असं पोरगं लिहितं. वजन होतं म्हणूनच तो शेवटी ठेवला, एवढं मला कळतं. मी काही दूधखुळा नाही.' मग तुझं पत्र नीट घडी करून खिशात ठेवलं.

काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. म्हणाले, दादा, तू तिथे एकटा कशाला राहतोस? निदान थंडीचे चार महिने तरी इकडे काढत जा. आधी नाही नाही म्हणाले. मग गुडघे थंडीत फार धरतात, असं हळूच कबूल केलं.

दार उघडलं तर जिन्यावर विशालाक्षीअक्का बसलेल्या. किती वेळ, देव जाणे. म्हणाल्या, 'माडी मी कोणास देत नाहीं. तुम्ही गेल्यावर मज मराठी बोलायास कोण मिळंल?' आणि पदरानं डोळे पुसत पायसम करायला खाली गेल्या.

आज सकाळी काका दादासाहेबांना कोपऱ्यावरच्या हॉटेलात कापी प्यायला घेऊन गेले. परत आल्यावर दादासाहेब म्हणाले, कापी गार करायला पेल्याखाली देतात ती वाटी पेल्याएवढी का देत नाहीत? म्हणजे माणूस रमला.

आता अनेक अनेक आशीर्वाद.

मावशी

* * *

रेल्वे अकाउंट्स ऑफिस
२५ ऑगस्ट १९६४

चि. रत्नाकर,

काल मावशीशी बोलताना असं उघडकीस आलं, की एप्रिलपासून तू तिचाही वकील होतास. एकाच खटल्यात दोन्ही पक्षांकडून वकीलपत्र घेणं आणि दोन्हीकडची फी खाणं कोणत्या कायद्यात बसतं, याचा खुलासा ताबडतोब करावा.

खुलासा करायला रविवारी जेवायला यावं. पुरणपोळी आहे. दादानं सांगितलंय, कुणी किती खायच्या ते आता धाकट्यापासून विचारायचं.

काका

* * *

सेंट थॉमस मौंट
२७ ऑगस्ट १९६४

ती. मावशी आणि ती. काका,

तुम्हा दोघांना आता एकच पत्र लिहायची मोकळीक आहे, याचं मला किती सुख वाटतं म्हणून सांगू! अडीच महिने इकडे आड, तिकडे विहीर. एकाचं पत्र उशाखाली, दुसऱ्याचं पलंगाखाली, आणि मध्ये मी.

गुन्हा कबूल आहे. दोघांची नावं न घेता मी हकीकत मेजरसाहेबांना सांगितली. ते पोट धरून हसले. म्हणाले, एकाचं गुपित दुसऱ्याला फोडलं असतं तर तुला घरी पाठवला असता. आता खुशाल पास हो. सप्टेंबरअखेर माझं इथलं शिक्षण संपतं आणि पहिली नेमणूक जालंदरला आहे. तिकडे थंडी फार म्हणतात.

मावशी, तू मागे एक विचारलं होतंस आणि मी उत्तर टाळत आलो. ट्रंक कुठे ठेवू? टाळलं, कारण त्याचं उत्तर दिलं असतं तर माझं मत कळलं असतं, आणि मला मत नव्हतं. आता निकाल लागला आहे, तेव्हा सांगतो. आई गेल्यावर प्रत्येक सुट्टीत ज्या घरी आलो ते तुमचं हेच घर. तुम्ही कऱ्हाडला जाणार म्हणून तू लिहिलंस, त्या दिवशी उस्तादांनी न सांगता मी मैदानाला फेऱ्या मारल्या. पण ते तुम्हा दोघांनाही सांगायचं नव्हतं, कारण मग तुम्ही माझ्यासाठी राहिला असता.

रविवारी येतो. पोळ्या धाकट्यापासून विचारणार असाल तर शैलाच्या खालोखाल माझा नंबर आहे.

आणि माझी ट्रंक माळ्यावरून काढू नका.

तुमचा,
रत्नाकर